खूप खिशांचं जुन्या धाटणीचं बिनबाह्यांचं जाकीट आलं कुठून? आणि जुनं विकत घेताना काय पाहावं?

मुळात हे गळाने मासे धरणाऱ्यांचं जाकीट. त्याचं श्रेय अमेरिकेचे नामांकित मासेमार ली वुल्फ यांना देतात. काळ 1930 च्या दशकाचा. लांबी मुद्दाम आखूड, म्हणजे पाण्यात उतरल्यावर खालचे खिसे भिजत नाहीत. पाठीवरची कडी जाळी अडकवायला, छातीवरचा लोकरीचा तुकडा ओले गळ सुकवायला. पुढे फोटोग्राफरांनी ते उचललं: फिल्मचे रोल, फिल्टर, जादा लेन्स अंगावर आणि दोन्ही हात मोकळे. आज मासे धरणारे सोडले तर कडीला फारसं कुणी काही अडकवत नाही, तरी ती बहुतेकदा शिवलेली असतेच!

जुनं घेताना कापडाआधी खिशांचे वरचे कोपरे पाहा. सगळा ताण तिथेच येतो. आडवी दाट टीप नसेल तर कापड तिथूनच फाटतं. खांद्याचा पट्टा रुंद आणि दुपदरी हवा, नाहीतर भरलेलं जाकीट मानेला काचतं. पितळी चेन अडकत असेल तर दातांवर मेण घासा, बहुतेक वेळा तेवढं पुरतं. जड वस्तू खालच्या खिशांत भरू नका, वाकलं की त्या पुढे झुलतात. सुती असेल तर गार पाण्यात धुवा, ब्लीच अजिबात नको.