रात्री काय भिजत घातलंस?

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली महिन्याची यादी वाचली. ओट्स, किनोआ, चिया, पीनट बटर, ब्राउन ब्रेड, ऑलिव्ह तेल, प्रोटीन पावडरचा डबा, आणि सगळ्यांत तळाला, जागा उरली म्हणून लिहावं तसं, 'मटकी पाव किलो'. त्याखाली प्रश्न: "काकू, तीन हजारांत बसत नाही, यातलं काय काढू?"

अगं, मटकी सोडून सगळं काढ.

घरचं खाणं बाहेरच्यापेक्षा बरं, हे तुला पटलेलं आहे, म्हणून तर तू मेस सोडलीस. त्यावर मी शब्द वाया घालवत नाही. तुझा घोटाळा वेगळाच आहे. तू दुकानात गेल्यावर स्वयंपाकाचा विचार करतेस, आणि तो करायचा असतो आदल्या रात्री, अंथरुणात शिरण्याआधी. एकच प्रश्न विचारायचा: उद्यासाठी काय भिजत घातलं? या पत्रात मी तो पुन्हा पुन्हा विचारणार आहे. कंटाळलीस तरी वाच.

आधी हिशेब, कारण तो समोर नसला की किनोआ फार शहाणा दिसतो. किलोचा भाव घे आणि एका किलोत प्रथिनं किती ग्रॅम, त्याने भाग. समजा मटकी १२० रुपये किलो. तिच्यात साधारण २३ टक्के प्रथिनं, म्हणजे किलोत २३० ग्रॅम. एक ग्रॅम पडलं ५२ पैशांना. हरभरा ९० रुपये धरला तर ४५ पैसे. सोयाबीनच्या वड्या १३० रुपयांच्या, निम्मं वजन प्रथिनांचंच, म्हणून २६ पैसे. शेंगदाणे १४० रुपयांनी ५८ पैसे. अंडं सात रुपयांचं, त्यात सहा ग्रॅम, म्हणजे सव्वा रुपयाच्या आत. ओट्स २०० रुपये किलो धर, ग्रॅमला दीड रुपया. किनोआ ३०० रुपये धरला तर दोन रुपयांच्या वर, आणि ४०० रुपयांचं पनीरही तिथंच. तुझ्या दुकानातले भाव घालून हे स्वतः मांड. आकडे बदलतील, रांग फारशी बदलणार नाही.

आता गरज किती? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं माप आहे दिवसाला वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम. तुझं वजन ५५ किलो असेल तर ४६ ग्रॅम झाले. दिवसाला पाव किलो धान्य पोटात गेलं तर त्यातून २५ ग्रॅमच्या आसपास येतात. ८५ ग्रॅम डाळ-कडधान्यातून एकोणीस-वीस. मूठभर शेंगदाण्यातून सात, ३०० मिली दुधातून नऊ-दहा. साठ झाले. पावडरचा डबा कुठे बसवायचा ते तूच सांग. शिवाय प्रथिनांच्या घटकांपैकी ज्वारी-गव्हात लायसिन कमी असतं आणि कडधान्यात मिथिओनिन, म्हणून उसळ-भाकरी किंवा वरण-भात एका ताटात आले की एकाची उणीव दुसरं भरून काढतं.

ते ८५ ग्रॅम ताटात यायचे तर रात्री भिजायलाच हवेत. सगळ्यांचं अडतं ते इथेच. मटकीचं पाकीट फळीवर असतं, संध्याकाळी साडेसातला भूक लागते, कोरडी मटकी त्या वेळी कुणाच्या कामाची नसते, आणि मग फोन उचलून काहीतरी मागवलं जातं. यात आळस कमी आणि विसरणं जास्त. म्हणून भिजवणं दात घासण्याला बांधून टाक. ब्रश हातात घेण्याआधी वाटी हातात.

माप असं. तुझ्याकडची साधी स्टीलची वाटी असेल तर अर्धी वाटी कोरडं कडधान्य साधारण ६० ग्रॅम भरतं. निवडून, दोनदा धुऊन, तिप्पट पाण्यात घाल. मूग-मटकीला आठ तास पुरतात, चवळीला पाच-सहा, हरभरा, छोले, राजमा आणि सुक्या वाटाण्याला दहा ते बारा. अख्ख्या मसुराला दोन तास झाले तरी चालतात. सकाळी ते पाणी ओतून दे. वायू करणाऱ्या साखरा काही प्रमाणात त्या पाण्यात उतरलेल्या असतात. तुझ्या मैत्रिणीला 'कडधान्य पचत नाही', तर तिला आधी विचार की पाणी फेकते का, आणि पहिल्याच दिवशी वाडगाभर खाल्लं का. पाव वाटीपासून सुरुवात करायची.

मोड काढायचे असतील तर निथळून ओल्या सुती फडक्यात सैल बांध आणि चाळणीत ठेव, खाली ताटली. तळाशी पाणी साचलं की दाणे गुदमरतात, चिकट होतात, आंबूस वास मारतात. फुटके दाणे आधी काढले नाहीत तरी तोच प्रकार. संध्याकाळी एकदा पुरचुंडी पाण्याखाली धरून पुन्हा निथळ. उन्हाळ्यात दुसऱ्या सकाळी मोड येतात, पुण्याच्या थंडीत दीड दिवस लागतो. तेव्हा पुरचुंडी झाकणाच्या डब्यात घालून उबेला ठेव. मोड दाण्याएवढे लांब झाले की थांबायचं, पुढे ते दोरखंडासारखे लागतात. मोडामुळे थोडं क जीवनसत्त्व तयार होतं, तरी खाताना लिंबू पिळ. त्याने कडधान्यातलं लोह जास्त शोषलं जातं. आणि म्हणूनच जेवणावर लगेच चहा नको, तासभर थांब. मोड कच्चे खाऊ नकोस. त्या उबेत जंतूही वाढतात. पाच मिनिटं वाफ दे, मग कांदा-काकडी घालून खा.

जमवायचं ते इतकंच: घरात कायम एक भिजतंय, एकाला मोड येतायत, एक शिजतंय. सोमवारी रात्री भिजवलेलं बुधवारी सकाळी ताटात. तिघी राहता तर वार वाटून घ्या, पण रात्रीची वाटी एकीच्याच नावावर ठेवा. सगळ्यांचं काम म्हणजे कुणाचंच नाही.

शिजवताना शिट्ट्या मोजायचं सोड, विशेषतः इंडक्शनवर. पहिली शिट्टी झाली की आच कमी कर आणि घड्याळ लाव: मोडाच्या मटकीला तीन मिनिटं, चवळीला आठ, हरभऱ्याला वीस, राजम्याला पंचवीस. राजमा अर्धकच्चा कधीही नको, त्यातल्या लेक्टिन नावाच्या विषारी प्रथिनाने उलट्या होतात. कडधान्य कुकरच्या निम्म्याच्या वर भरू नकोस. फेस वर येऊन वाफेचं भोक बुजतं. हळद आणि चार थेंब तेल घातलं की फेस बसतो.

तू लिहिलंस, 'हरभरा सहा शिट्ट्या करूनही टणक.' तीन कारणं असतात. दाणा दोन-तीन वर्षांचा जुना असेल, तर काही उपाय नाही, पुढच्या वेळी जास्त खपाचं दुकान बघ. पाणी बोअरचं किंवा टँकरचं जड असेल, तर भिजवायला आणि शिजवायला प्यायचं पाणी वापर. नाहीतर तू टोमॅटो, चिंच किंवा आमसूल आधीच घातलं असशील. आंबट घातलं की साल घट्ट राहते, म्हणून आंबट शेवटी. मिठाला लोक उगाच दोष देतात. खायचा सोडा मात्र टाळ, दाणा मऊ होतो पण ब१ जीवनसत्त्व जातं.

उसळीचं एक माप पाठ कर, बाकी सगळं त्यातून निघतं. दीड वाटी मोडाच्या मटकीला दोन चमचे तेल. मोहरी तडतडली की हिंग, कढीपत्ता, एक कांदा. कांदा मऊ झाल्यावर अर्धा चमचा आलं-लसूण, पाव चमचा हळद, एक चमचा कांदा-लसूण मसाला. मसाला कोरड्या तेलात दहा सेकंदांवर ठेवू नकोस, जळून कडवट होतो. लगेच मटकी आणि दीड वाटी गरम पाणी, पाऊण चमचा मीठ. झाकून बारा मिनिटं. शेवटी दोन आमसुलं आणि सुपारीएवढा गूळ. पाणी वाढवलंस की कट, भातावर घे. तांदूळ घातलेस की मटकी भात. मूग भिजवले असतील तर मोड न काढता हिरवी मिरची आणि आल्याबरोबर वाटून धिरडी घाल.

आणि विसरलीस तर? विसरशीलच. तेव्हा हरभरा उकळत्या पाण्यात दोन मिनिटं उकळून तासभर झाकून ठेव, बऱ्यापैकी भिजतो. तेवढाही धीर नसेल तर मुगाची किंवा मसुराची डाळ, पंधरा मिनिटांत होते. नाहीतर पिठलं: अर्धी वाटी बेसन आधी दोन वाट्या गार पाण्यात कालव, मग फोडणीत ओत. कोरडं बेसन गरम पाण्यात टाकलं की गुठळ्या ठरलेल्या. पण विसरल्याची ही सोय आहे, रोजची पद्धत नव्हे. आज काय भिजत घातलंस?

भाकरीबद्दल तू घाबरून लिहिलंस. ज्वारीच्या पिठात ग्लुटेन नसतं, त्यामुळे गार पाण्याने ते धरत नाही. पीठ परातीत घेऊन मध्ये उकळतं पाणी घाल, चमच्याने कालव, हात लावता आला की पाच मिनिटं तळहाताने चांगलं मळ. तरी थापताना कडा तडकत असतील तर पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली आहे. म्हणून ज्वारी एका वेळी दोनच किलो दळून आण. बाजरीचं पीठ तर आठवड्यातच संपव, त्यातलं तेल खवट होऊन ते कडू पडतं. परीक्षेच्या किंवा ऑफिसच्या धबडग्यात हात चालत नसेल तर कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून पोळ्या आण, लाज बाळगू नकोस. भाजी मात्र तिथून नको, पैसे भाजीत जातात आणि तेलही.

तेलाचं सांगते. दिवसाला पंचवीस-सत्तावीस ग्रॅम, म्हणजे पाच-सहा छोटे चमचे. लिटरभर तेल एकटीला पाच आठवडे गेलं पाहिजे. पाकिटावरचं ग्रॅममधलं वजन वाच, सारखी दिसणारी पाकिटं सारख्या वजनाची नसतात. ऑलिव्ह तेलाची फोडणीला गरज नाही. शेंगदाणा, करडई, सूर्यफूल, आलटून पालटून घे.

पालेभाजी मंडई मिटायच्या वेळेला घे. न धुता, सुती कापडात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेव. धुऊन ठेवलीस की दुसऱ्या दिवशी चिखल. मुळ्याचा, नवलकोलाचा, बीटाचा पाला भाजीवाल्याला खुडू देऊ नकोस, ती फुकट मिळालेली दुसरी भाजी आहे. दोडक्याच्या शिरांची तीळ घालून चटणी कर. दाण्यांचं कूट करताना बुरशी आलेला, सुरकुतलेला, कडू दाणा निवडून फेक. त्यात काटकसर करायची नाही.

तीन हजारांचं बोलू. साडेसात किलो धान्य पावणेचारशे, अडीच किलो डाळ-कडधान्य तीनशे, दाणे एकशे चाळीस, तेल दीडशे, नऊ लिटर दूध साडेपाचशेच्या आत, बारा किलो भाजी सहाशे, फळं दोनशे, मीठ-मसाला-चहा-साखर अडीचशे. पंचवीसशे-सव्वीसशे झाले. उरलेल्या चारशेंत अंडी, नाहीतर अडीअडचणीच्या पोळ्या. घरचं रेशनकार्ड पात्र असेल तर तुझ्या वाटचं धान्य पुण्यातल्या दुकानातही उचलता येतं, आधार जोडलेलं असलं म्हणजे झालं. बाबांशी बोल.

दूध-दही कापू नकोस, अंडी-मासे खात नसशील तर मुळीच नको. ब१२ कडधान्यात नसतं, कितीही भिजव. वर्षातून एकदा रक्तात तपासून घे.

तू म्हणशील, हे तर आजीचं स्वयंपाकघर झालं. हो, झालं. मीही कधीकाळी कमावत्या मुलींना सांगत असे की दोन पैसे जास्त गेले तरी तयार पाकीट आणा, वेळ वाचतो. त्याची मला खंत आहे. वेळ वाचला नाही, फक्त वाटी भिजवायची सवय मोडली. भिजवायला अर्धं मिनिट लागतं, मी घड्याळ लावून बघितलंय. म्हणून मी आता हट्टी झाले आहे, आणि माझ्या हट्टाला कुणी जुनाट म्हणालं तर म्हणू दे. ओट्सशी माझं वैर नाही. पगार वाढला की घे. आधी वाटी.

तुझी,
काकू

ता. क. कुकरची रिंग ताणून बघ. ढिली झाली असेल तर वाफ कडेने जाते, शिट्टी उशिरा होते आणि तू हरभऱ्याला दोष देत बसतेस. नवी घेताना कुकरचं झाकण दुकानात घेऊन जा, अंदाजाने आणलेली बसत नाही.