कायद्याचं बोलू: विधानसभा कितीही टॅक्स वाढवू शकते का?

प्रश्न: माझ्या पगारातून प्रोफेशन टॅक्स दर महिन्याला २०० कापतात, फेब्रुवारीत मात्र ३००. बहुमत आहे म्हणून उद्या सरकार हेच १००० करेल का, कोणी अडवणारं आहे की नाही? – एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर: नाही ताई, करता येणार नाही. तुमच्या स्लिपची वर्षाची बेरीज करून बघा, अकरा महिने २०० आणि एक महिना ३००, बरोब्बर २५००, आणि हा आकडा थेट राज्यघटनेत लिहिलाय, कलम २७६ मध्ये. म्हणून तर फेब्रुवारीत १०० जास्त. आधी ही मर्यादा २५० होती, १९८८ च्या ६० व्या घटनादुरुस्तीने ती २५०० झाली, म्हणजे वाढवायचीच तर संसदेत घटनादुरुस्ती लागते, मुंबईत विधानसभेत हात वर करून काम भागत नाही. मला तर हे फार मोलाचं वाटतं, आपल्याकडे कोणी सांगतच नाही.

बाकी बऱ्याच टॅक्सना असा ठरलेला आकडा नाहीये, ते वाढू शकतात, पण कलम २६५ प्रमाणे कायद्याशिवाय एक पैसाही वसूल करता येत नाही, आणि कायदा केला तरी तो समानतेच्या कसोटीवर टिकला पाहिजे. केरळमध्ये सुपीक असो की ओसाड, सगळ्या जमिनीला एकरी २ रुपये असा सरसकट कर होता, सुप्रीम कोर्टाने १९६१ मध्ये कलम १४ दाखवून तो रद्दच केला.