तिसरी कथा पडते, ती काढावी का?

प्रश्न : आमच्या भयपटात चार कथा आहेत, दिग्दर्शकही चार. लांबी १७, १८, ३१ आणि २२ मिनिटं. बंद पडलेल्या गाडीत चौघं एकमेकांना गोष्टी सांगतात, हा जोडणारा धागा आणखी ८ मिनिटांचा. तिसऱ्या कथेला प्रेक्षक चुळबुळ करतात. ती काढून टाकावी का?

उत्तर : घाई करू नका. १९४५ सालचा 'डेड ऑफ नाइट' हा असाच अनेक कथांचा भयपट अमेरिकेत दाखवताना त्यातल्या दोन कथा कापल्या होत्या, एक गोल्फची आणि एक नाताळच्या पार्टीची. गोल्फची कथा हलकीफुलकी, तिच्यावाचून फारसं अडलं नसतं. पण शेवटच्या दुःस्वप्नात पार्टीचे संदर्भ परत येतात. मूळ कथाच न पाहिलेले प्रेक्षक तिथे गोंधळले. तुमच्या गाडीतल्या शेवटच्या प्रसंगाला तिसऱ्या कथेचा आधार आहे का, ते आधी तपासा.

खरं दुखणं बहुतेक लांबीत आहे. अशा चित्रपटात प्रेक्षकाला दर वीस मिनिटांनी नवी माणसं, नवं घर, नवे नियम समजून घ्यावे लागतात. शिवाय शेवटी कलाटणी येणार हे तो धरूनच बसलेला असतो, त्यामुळे नुसत्या कलाटणीच्या भरवशावर ३१ मिनिटं निघत नाहीत. ही कथा २१-२२ मिनिटांवर आणा. पहिली विचित्र गोष्ट चौथ्या-पाचव्या मिनिटाला दिसलीच पाहिजे; त्याआधीचं घरी पोचणं, कुलूप उघडणं, खोल्या पाहणं बिनधास्त उडवा. 'इथे पूर्वी काय घडलं' हे सांगणाऱ्या पात्राला एक वाक्य पुरे.

शांततेला मात्र कात्री लावू नका. समजा, बाई अंधाऱ्या बोळात बटण दाबते आणि दिवा लागत नाही. तो शॉट चार सेकंद टिकला तर प्रेक्षक स्वतःच कोपरा न्याहाळू लागतो. एका सेकंदात कापलात तर तो फक्त दचकेल, घाबरणार नाही.

क्रमही बदलून पाहा. १९६३च्या 'ब्लॅक सॅबथ' या कथासंग्रहासारख्या भयपटाच्या इटालियन आवृत्तीत पाण्याच्या थेंबाची कथा शेवटी आहे, अमेरिकन आवृत्तीत तीच सुरुवातीला. इटालियन क्रम सरस वाटतो, कारण सर्वांत अंगावर येणारी कथा शेवटासाठी राखलेली आहे. तुमची कच्ची कथा दुसऱ्या जागी न्या, सर्वांत पक्की शेवटी ठेवा. सारख्या शेवटाच्या दोन कथा लागोपाठ नकोत.

प्रश्न : एका कथेचे संवाद पुटपुटल्यासारखे येतात आणि पुढची एकदम कानावर आदळते. असं का?

उत्तर : प्रत्येक दिग्दर्शकाने वेगळ्या खोलीत, वेगळ्या पातळीवर आवाजाचं मिश्रण केलेलं असतं. चारही कथांचे संवाद, पार्श्वसंगीत आणि इतर आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर मागवा. आधी संवाद एका पातळीवर आणा, मग बाकीचं त्याभोवती बसवा. नुसती सर्वोच्च पातळी जुळवून भागत नाही. किंकाळ्या जुळतात, कुजबुज तशीच राहते.

त्याच वेळी फ्रेमचा वेग, म्हणजे सेकंदाला किती चित्रं सरकतात, तोही चारही कथांत सारखा आहे का ते तपासा. सेकंदाला २५ फ्रेमची २४ मिनिटांची कथा सगळ्या फ्रेम राखून २४च्या वेगाने चालवली, तर ती २५ मिनिटांची होते. आवाज त्याच प्रमाणात ताणला नाही, तर शेवटाकडे ओठ आणि शब्दांत मिनिटभराचं अंतर पडतं.