खून खरा हवा, हवालदार गंभीर हवा

प्रश्न : माझी पहिलीच ग्राफिक नॉव्हेल (चित्रकादंबरी) चाललीय, क्राइम आणि ब्लॅक कॉमेडी मिक्स. एक माणूस चौकीत येऊन सांगतो मी शेजाऱ्याचा खून केलाय, तर हवालदार म्हणतो आधी शेजाऱ्याचा हयातीचा दाखला आणा, मग तो बिचारा दाखल्यासाठी ऑफिसं फिरतो आणि प्रत्येक ऑफिसात कोणीतरी मरतं. मित्रांना दिलं वाचायला, कोणी हसलं नाही, घाबरलं पण नाही, सगळे नुसतं ड्रॉइंग मस्त म्हणाले. हवालदार अजून कॉमेडी दाखवू का? आणि शेवटी त्या माणसाला पकडू की नको?

उत्तर : नुसतं ड्रॉइंग मस्त म्हणजे गोष्ट पोचली नाही, स्पष्टच सांगते. हवालदाराला अजिबात कॉमेडी करू नका, उलट जो काही विनोदी चेहरा काढलाय तोही पुसा. त्याला स्वतःलाच गंमत कळत असेल तर वाचकाने काय करायचं? तो रोज पन्नास जणांकडे मागतो तसाच कंटाळून दाखला मागू दे. लेखक काफ्काची ‘द ट्रायल’ ही कादंबरी घ्या, सकाळी उठल्या उठल्या एका माणसाला अटक होते, आरोप काय ते कोणी सांगत नाही आणि तिथे कोणीच जोक मारत नाही. पण त्याचा मित्र माक्स ब्रोडने लिहून ठेवलंय की पहिलं प्रकरण मित्रांना वाचून दाखवताना काफ्का स्वतः इतका हसायचा की पुढे वाचताच यायचं नाही.

दुसरं म्हणजे मुडदे फार झाले. तिसऱ्या मरणानंतर वाचक नुसता मोजायला लागतो. एकच खून ठेवा आणि त्या शेजाऱ्याला दोन पानं तरी जगू द्या, त्याचा मोठ्याने लावलेला रेडिओ, दाराबाहेरच्या चपला वगैरे, म्हणजे नंतर हसताना जरा लाज वाटेल, आणि ती लाज वाटल्याशिवाय ब्लॅक कॉमेडी होत नाही, नुसती कॉमेडी होते. खून थेट दाखवायचीही गरज नाही, एका चौकटीत उचललेला हात आणि पुढच्या चौकटीत बंद रेडिओ, मधल्या रिकाम्या पट्टीत वाचक स्वतःच काम उरकतो.

टायमिंगसाठी पान उलटणं वापरा. ‘मी खून केलाय’ उजव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत, उलटल्यावर दाखल्याची मागणी, आणि मग अजून एक तीच चौकट, कोणी हलत नाही, कोणी बोलत नाही.

पकडण्याचं म्हणाल तर 1954 मध्ये अमेरिकेत कॉमिक्सवाल्यांनी टीकेला घाबरून स्वतःवरच कोड, म्हणजे नियमांची यादी, लादून घेतला होता, त्यात गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे असं होतं. तुमच्यावर असलं बंधन नाही. पण तुमच्या माणसाला पकडलं जायचंच आहे हो! पकडलात तर तो जिंकला. मी असते तर त्याला दाखला मिळवून दिला असता, पण त्यावर शेजारी आजच्या तारखेला हयात आहे असं लिहिलेलं. म्हणजे खून झालाच नाही, घरी जा.

प्रश्न : रंगीत करू की ब्लॅक अँड व्हाइट?

उत्तर : पहिलंच पुस्तक आहे, ब्लॅक अँड व्हाइट करा आणि पूर्ण करा, रंगात अडकलात तर ते घरीच पडून राहील. फक्त रक्त लाल करायचा मोह होईल, तो नको. लाल वापरायचाच असेल तर ऑफिसच्या शिक्क्याला द्या.