एलिशा आला की आली?

वेंगुर्ल्याहून एका ताईंनी विचारलंय: "माझ्या सहा वर्षांच्या मुलाचं नाव एलिशा. शाळेत, दवाखान्यात, एसटीत जो तो 'अलिशा' म्हणतो आणि मुलगी समजतो. आमच्या मराठी बायबलातही 'अलीशा'च छापलंय. मग चूक कोणाची? आणि मराठीत लिहायचं कसं?" सोबत केसपेपरचा फोटो आहे. वर 'कु. अलिशा', खाली 'स्त्री'वर केलेली खूण, मग ती खोडून 'पु.' (हे 'कु.' तरी किती बेरकी बघा, कुमारलाही चालतं आणि कुमारीलाही.)

ताई, लोक उच्चारात फारसे चुकत नाहीत, माणूस ओळखायला चुकतात. बायबलातला अलीशा हा दाढीवाला संदेष्टा, एलीयाचा शिष्य. गुरूचा झगा पाण्यावर मारून यार्देन नदी दुभंगवणारा. हिब्रूत त्याच्या नावाचा अर्थ 'देव हेच तारण'. त्यातला 'तारण' सांगणारा धातू यशया आणि येशू या नावांतही आहे. मुलींचं अलिशा हे नाव मात्र अलिशिया, अ‍ॅलिस या गोतावळ्यातलं. ते जुन्या जर्मन आडेलहाइटवरून फ्रेंचमार्गे आलं आणि त्याचा संबंध खानदानीपणाशी. दोन नावांचं नातं काडीचं नाही, पण कानाला जुळी वाटतात.

आता बायबलातला 'अ'. मूळ हिब्रू नावाच्या सुरुवातीचा स्वर अगदी निसटता आहे, 'ए' म्हणता म्हणता सुटून जाणारा. मराठीतला 'ए' ऐसपैस, ऱ्हस्व 'ए'ला आपल्याकडे वेगळं अक्षरच नाही. म्हणून भाषांतरकारांनी तिथे 'अ' बसवला असावा. हा माझा तर्क आहे, पण तो एका नावावर उभा नाही. रूथच्या गोष्टीतला अलीमलेख, अब्राहामाच्या घरचा अलिएजर, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाची आई अलीशिबा (इंग्रजीतली एलिझाबेथ ती हीच), या सगळ्या हिब्रू नावांच्या तोंडाशी तोच निसटता स्वर आणि मराठीत सगळ्यांना 'अ'. एलीयाच्या नावात मात्र लांब 'ए' आहे, म्हणून त्याचा 'ए' टिकला. नावाच्या शेवटी घशातून काढायचा एक वर्ण होता, तो आपण गाळला. कुराणातल्या 'अल्-यसा'मध्ये, म्हणजे याच नबीच्या अरबी नावात, तो अजून आहे.

पण खरी गोची व्याकरणाची. इंग्रजीत क्रियापद लिंग विचारत नाही, मराठीत नाव घेतलं की पुढच्याच शब्दाला आला की आली हे ठरवावं लागतं. ऐकणारा 'शा'वरचा 'आ' पकडतो, त्याला अनिता, सुजाता आठवतात आणि तो बिनधास्त 'ये गो बाय' म्हणून मोकळा होतो. गंमत म्हणजे घोडा, आंबा, मुलगा ही आपली रोजची आकारान्त नामं पुल्लिंगीच. आकारान्त म्हणजे स्त्रीलिंगी, ही सवय शाळा, भाषा, विद्या अशा संस्कृत शब्दांनी आणि त्याच वळणाच्या नावांनी लावली. शिवाय आपल्याच किनाऱ्यावर घरोघरी बाळा, आबा, नाना, तात्या असताना एकट्या एलिशाच्या 'आ'ने दचकायचं कारण काय? बायबलात तर योना, यशया, यिर्मया, नहेम्या अशी आकारान्त पुरुषांची रांगच आहे.

अलिबागकडच्या बेने इस्रायलींनी, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंनी, हा घोळ पूर्वी सहज मिटवला होता. शमुवेलाचा सामाजी, इसहाकाचा इसाजी. एकदा 'जी' लागला की पुरुष की बाई हा प्रश्नच उरत नाही. तिकडे मलिदा या आभाराच्या विधीच्या वेळी एलियाहू हन्नबीचं, म्हणजे आपल्या एलीयाचंच, नाव आजही घेतात, त्यामुळे किनाऱ्याला गुरू ओळखीचा आहे, शिष्य नाही. दक्षिणेकडे पोर्तुगीज वळणाचा जुआंव आणि बायबलातला योहान मुळात एकच, हे शेजाऱ्यालाही सांगितल्याशिवाय कळत नाही. तेव्हा नाव बदलून घेणं इथे नवं नाही. तुमचं दुखणं इतकंच की बदललेल्या जागेवर आधीच दुसरं कुणी बसलंय.

लिहायचं म्हणाल तर 'एलिशा'. बायबल वाचताना 'अलीशा' वाचा, तिथे तेच रूढ आहे, पण जन्मदाखला, आधार, शाळेचं रजिस्टर यांत 'ए' ठेवा आणि सगळीकडे एकच रूप. इंग्रजी उच्चारावरून 'इलायशा' लिहू नका, तो तिसरा घोळ होईल. विभक्ती लावताना 'एलिशाला', 'एलिशाचा'. विशेषनाम आहे, 'एलिश्याला' नको. आणि ओळख करून देताना नुसतं नाव सांगू नका, क्रियापदासकट सांगा: "हा एलिशा, यंदा पहिलीत गेला."