कामाच्या वेळेत मोबाईल बघितला म्हणून कंपनी अर्ध्या दिवसाचा पगार कापू शकते का?

तुम्ही लिहिलंय की शिफ्टमध्ये दहा मिनिटं मोबाईल बघताना सुपरवायझरने पकडलं, मेमो वगैरे काही नाही, आणि महिनाअखेरीला पगारात डायरेक्ट अर्धा दिवस कमी आला. असं परस्पर कापता येत नाही. पण म्हणून कंपनी काहीच करू शकत नाही असंही समजू नका.

मी भोसरी एमआयडीसीत बरीच वर्षं टाइम ऑफिस (हजेरी आणि पगाराचा हिशोब ठेवणारा विभाग) सांभाळलंय, त्यामुळे हे कापाकापीचं प्रकरण आतून माहितीय. अशा प्रकरणात पगारातून पैसे दोनच नावाखाली जातात, एकतर गैरहजेरी नाहीतर दंड. गैरहजेरी म्हणाल तर तुम्ही मशीनवर होतात, पंचिंग आहे, आणि समजा ती दहा मिनिटं गैरहजर धरली तरी जेवढा वेळ गैरहजर तेवढ्याच प्रमाणात कपात असा कायदा आहे. १८,००० पगार आणि २६ दिवस धरले तर दहा मिनिटांचे पंधरा रुपयेसुद्धा होत नाहीत. (वीस मिनिटं लेट आला की हाफ डे लावतात ना, तेही याच नियमाने चुकीचं आहे, पण सगळीकडे चालतं कारण कोणी विचारत नाही.)

आता दंड. आधी १९३६ चा पेमेंट ऑफ वेजेस ॲक्ट होता, २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेज कोड, म्हणजे पगाराचा नवा कायदा आलाय, पण दंडाचा भाग जवळपास तोच राहिलाय. कुठल्या कुठल्या गोष्टीला दंड लागेल याची यादी सरकारकडून आधी मंजूर करून घेऊन नोटीस बोर्डावर लावायची, दंड करण्याआधी कामगाराला तुझं काय म्हणणं आहे ते विचारायचं, महिन्याचे सगळे दंड मिळून पगाराच्या ३ टक्क्यांच्या वर जायचं नाही, हप्त्याहप्त्याने वसूल करायचा नाही आणि ९० दिवस उलटले की वसूल करता येत नाही. आणि तो पैसा मालकाच्या खिशात जात नाही बरं का, रजिस्टरला नोंद करून कामगारांच्याच भल्यासाठी वापरायचा असतो. तुमचे साधारण साडेतीनशे गेले असतील, १८,००० ला मर्यादा ५४० ची आहे, म्हणजे आकडा बसतो, पण नोटीस कुठेय, तुम्हाला विचारलं कधी, रजिस्टर कुठेय?

पण एक गोष्ट सुपरवायझरच्या बाजूने पण बोलतो. तुम्ही प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या मशीनवर असाल तर त्याने पकडलं ते बरोबरच केलं, तिथे फोन हातात म्हणजे बोटं गेलीच समजा. आणि कामाच्या वेळेत कंपनीने शिस्त मागणं यात चूक काही नाही, कोर्टसुद्धा हेच म्हणतं. पुण्याच्या भारत फोर्जची केस शोधून वाचा. १९८३ च्या ऑगस्टमध्ये एक हेल्पर सकाळी पावणेबाराच्या सुमारास, म्हणजे भर शिफ्टमध्ये, लोखंडी प्लेटवर गाढ झोपलेला सापडला. आधी तीनदा कारवाई झालेली, थोडक्यावर सोडून दिलेलं. या वेळी कंपनीने चार्जशीट (लेखी आरोपपत्र) दिली, इन्क्वायरी केली आणि काढून टाकलं. लेबर कोर्ट म्हणालं एवढ्याशा गोष्टीला एवढी शिक्षा नको, अर्ध्या मागच्या पगारासकट परत घ्या, मग ते वरच्या कोर्टात फिरत राहिलं आणि २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने कंपनीचा निर्णय कायम ठेवला. एका झोपेसाठी बावीस वर्षं! पण बघा, तिथे कंपनी जिंकली कारण जुनं रेकॉर्ड होतं, चार्जशीट होती, इन्क्वायरी रीतसर झालेली होती. तुमच्या केसमध्ये यातलं काय आहे? सुपरवायझरने तोंडी सांगितलं आणि टाइम ऑफिसने हाफ डे मारला, बस.

सस्पेंड करतील अशी भीती असेल तर तेही फुकटात होत नाही, इन्क्वायरी चालू असेपर्यंत पहिले ९० दिवस अर्धा पगार निर्वाह भत्ता म्हणून द्यावा लागतो आणि पुढे उशीर तुमच्यामुळे नसेल तर ७५ टक्के. त्यामुळे दहा मिनिटांच्या फोनसाठी एवढा व्याप शहाणी कंपनी करत नाही, मेमो देते आणि सोडते.

मला खरा राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. फोनची दहा मिनिटं दिसतात, पण शिफ्ट सुटल्यावर लाइनवर उभं करून वीस-वीस मिनिटं मीटिंग घेतात ती कुठल्याच रजिस्टरला चढत नाही, फॅक्टरीत ओटी (ओव्हरटाइम) दुप्पट दराने असतो तरी.

आता काय करायचं ते सांगतो. भांडू नका, फोन दोन-चार आठवडे लॉकरमध्येच ठेवा. एचआरला साधा अर्ज द्या की अमुक महिन्यात अर्ध्या दिवसाची कपात कुठल्या नियमाखाली झाली ते लेखी कळवावं, आणि दुसऱ्या कॉपीवर पोच घ्या. पे स्लिप जपून ठेवा. निम्म्या वेळा एवढ्यावरच पुढच्या पगारात पैसे येतात. नाही आले तर लेबर ऑफिस आहे, नव्या कोडमध्ये क्लेम करायला तीन वर्षं मिळतात. फक्त अर्ज करण्याआधी स्लिपवर कंपनीचं नाव आहे की कॉन्ट्रॅक्टरचं ते बघा, कॉन्ट्रॅक्टरचं असेल तर अर्ज त्याच्या नावाने करा आणि एक कॉपी कंपनीच्या एचआरला द्या.