चिखल उंबऱ्याबाहेर

प्रश्न : नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ राहतो. शेजारी बांधकाम चालू आहे. दारात पायपुसणं आहे, तरी पावसाळ्यात हॉलभर काळे ठसे उमटतात.

पायपुसणं पुसतं, खरवडत नाही. आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि बुटाच्या तळव्याच्या खाचांत लोण्यासारखी बसते. ती कापडाने निघत नाही, उलट कापडच चिखलाचा बोळा होतं. म्हणून आधी खरवडणं, मग पुसणं. बाहेर लोखंडी जाळी किंवा काथ्याची जाड मॅट, आत सुती पायपुसणं. मॅट दाराएवढी रुंद हवी, आणि दोन्ही पाय दोनदा टेकतील इतकी, म्हणजे चार-पाच फूट, लांब. दुकानातली 'वेलकम' लिहिलेली दीड फुटी मॅट माणूस एका ढांगेत ओलांडतो. आज तुमची मॅट उचलून बघा, खाली पिठासारखी माती साठलेली दिसेल. मॅट भरली की पुढची माती घरातच येणार, तेव्हा दोन दिवसांनी ती उलटी करून आपटा. सुती पायपुसणी तीन ठेवा : एक दारात, एक धुण्यात, एक दोरीवर. जुलैमध्ये तीनही कमी पडतात!

प्रश्न : फ्लॅटबाहेर चपलांचा रॅक ठेवला, तर सोसायटीने नोटीस दिली.

सोसायटीचं बरोबर आहे. आग लागली तर तोच बाहेर पडायचा रस्ता. दाराच्या आत तीन फुटांची जागा 'ओली' ठरवा, तिथे काठ असलेला ट्रे आणि उघड्या पट्ट्यांचा रॅक ठेवा. बंद कपाटात ओले बूट ठेवले की आठवड्यात बुरशी येते. शेजारी बसायला साधारण दीड फूट उंचीचं स्टूल असू द्या. आजी-आजोबा भिंत धरून एका पायावर चपला काढतात, ते बघवत नाही.

प्रश्न : दिंडोरी तालुक्यात द्राक्षबागेत घर बांधतोय. पाय धुवायची सोय कुठे करावी?

जुन्या वाड्यांना ओटा होता तो उगाच नाही. तुम्हीही ओटा घ्याच. नळ मात्र पायऱ्यांसमोर नको, बाजूला घ्या, नाहीतर धुतलेले पाय पुन्हा चिखलातच पडतात. फरशी खडबडीत शहाबादी. उतार दाराकडून बाहेर, फुटाला पाव इंच. पाइपच्या आधी छोटा गाळखड्डा करा. गवंडी 'कशाला ताई' म्हणेल, ऐकू नका. काळ्या मातीने पाइप तुंबला की अंगण खोदावं लागतं. पाय धुतलेलं पाणी केळीच्या आळ्यात सोडायला हरकत नाही.

फवारणीचे गमबूट मात्र या ओट्यावरही नकोत. ते आणि फवारणीचे कपडे घराबाहेर वेगळ्या खुंटीला लावा, आणि धुतलेलं पाणी आळ्यात किंवा विहिरीजवळ जाऊ देऊ नका. रांगतं मूल घरात असेल तर यात सवलत नाही.

प्रश्न : सासूबाई वॉकर वापरतात. उंबरठा काढला, आता एप्रिल-मेची धूळ दाराखालून येते.

दाराच्या खालच्या कडेला ब्रशची पट्टी लावून घ्या. आधी फट मोजा आणि आतलं पायपुसणंही त्याच मापाने पातळ घ्या, नाहीतर दार त्यावर अडकेल. पायपुसण्याला खालून रबर हवंच, वॉकरखाली ते सरकायला नको.

प्रश्न : रोज दारात रांगोळी काढते. मग मॅट कुठे टाकू?

रांगोळी बाजूला, येण्याजाण्याच्या वाटेबाहेर काढा. शेवटी तीही दगडाची भुकटीच, पायाला लागून घरात येते.